आंबटातला जंतू: थांबलेला की मेलेला?

मे महिन्यातली दुपार. कोळंबी सोलून, मीठ, हळद आणि आगळ (कोकमाचा आंबट रस) चोळून परात ओट्यावर झाकून ठेवली की आमची मावशी निर्धास्त होते. "आगळ लावलंय, आता काय होवचा नाय." तासाभरानं झाकण काढलं तर कोळंबीची काचेसारखी चमक गेलेली आणि कडा घट्ट झालेल्या दिसतात. जणू अर्धी शिजलीच! पण आम्लानं फक्त मांसातली प्रथिनं आवळली आहेत. तिच्यावरचे जंतू मेले असतील असं मुळीच नाही.

आपला घोटाळा इथेच होतो. थांबलेला जंतू आणि मेलेला जंतू वरून सारखेच. दोघेही वाढत नाहीत, वास सोडत नाहीत. फरक कळतो तो पोटात गेल्यावर.

ई. कोलाय हा जिवाणू साधारण पीएच ४.४ च्या खाली वाढू शकत नाही (पीएच म्हणजे आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी, तितकं आम्ल तीव्र). वाढायचा थांबला म्हणजे संपला, असं मात्र नाही. उपाशी, वाढ थांबलेल्या अवस्थेतला ई. कोलाय जठरासारख्या पीएच २.५ मध्येही दोन तास तग धरतो. १९९६ मध्ये अमेरिकेत पाश्चरीकरण न केलेल्या सफरचंदाच्या रसातून ई. कोलायच्या ओ१५७:एच७ या घातक प्रकाराची साथ पसरली होती, आणि तो रस आंबटच होता.

हे त्याला जमतं कसं? आम्ल म्हणजे पेशीत घुसू पाहणारे प्रोटॉन, हायड्रोजनचे धनभारित कण. होडीत पाणी शिरलं की पहिला उपाय उपसण्याचा. जिवाणूही प्रोटॉन बाहेर ढकलतो, पण त्यात ऊर्जा खर्च होते, म्हणून वाढ थांबते. दुसरा उपाय मला जास्त विलक्षण वाटतो. ग्लुटामेट हे अमिनो आम्ल (प्रथिनांचा एक घटक) तो बाहेरून आत घेतो, एक विकर (एन्झाइम) त्यातला कार्बन डायऑक्साइड काढून टाकतं आणि त्या जागी आतला एक प्रोटॉन अडकवतं. तयार झालेला 'गाबा' बाहेर टाकायचा, नवं ग्लुटामेट आत घ्यायचं. म्हणजे पाणी उपसायच्या ऐवजी स्पंजात शोषून स्पंजच बाहेर फेकायचा. हेच काम लायसिन आणि आर्जिनिन ही अमिनो आम्लं घेऊनही होतं. साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या दुसऱ्या जिवाणूकडे ग्लुटामेटची सोय नाही, त्याचा भर या दोघांवर. आणि अमिनो आम्लं कुठे मिळतात? मासळीत हवी तेवढी!

सौम्य आंबटाची मला म्हणूनच जास्त धास्ती वाटते. साल्मोनेला आधी पीएच ५.८ च्या आसपास राहिला, तर नंतर ३.३ मध्ये टाकल्यावर न सरावलेल्या भावंडांपेक्षा कितीतरी जास्त जगतो. थोडा आंबटपणा त्याची तालीमच ठरते. सोलकढीत नारळाच्या दुधानं आगळाची धार बोथट होते, म्हणून ती ताजीच करावी, उन्हाळ्यात बाहेर ठेवू नये.

मेलेला जंतू मात्र खरोखर संपतो: पेशीच्या पडद्याला भोकं पडतात, प्रथिनं कायमची बिघडतात. स्वयंपाकघरात याची खात्री देते ती उष्णता. कोळंबी आतपर्यंत ७० ते ७५ अंश सेल्सिअसला तापली की ई. कोलाय, साल्मोनेला टिकत नाहीत. आगळ चव देतं, वाढ मंदावतं, बस्स.

पण बांगड्याच्या बाबतीत एवढ्यावर भागत नाही. बांगडा उन्हात किंवा गरम टोपलीत राहिला की काही जिवाणू त्यातल्या हिस्टिडिन या अमिनो आम्लाचा कार्बन डायऑक्साइड काढतात. युक्ती वरचीच, प्रोटॉन खाणारी. इथे मागे उरतं ते हिस्टामिन. ते शिजवून जात नाही, तळून जात नाही, आगळानंही जात नाही. जेवणानंतर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगाला खाज सुटते, आणि आपण म्हणतो "मासा बाधला", किंवा त्या माणसाला बांगड्याची अॅलर्जीच ठरवून टाकतो. जंतू तर केव्हाच कढईत मेलेले असतात. त्यामुळे बांगडा होडीतून उतरला की थेट बर्फात जायला हवा, आणि वाटण तयार होईपर्यंत तो बर्फातच राहू द्या.