सात महिन्यांचं बाळ ‘डावरं’ नसतं

मंगळवार पेठेत असो की कसबा बावड्यात, बाळ प्रत्येक खुळखुळा डाव्याच हातानं ओढायला लागलं की आज्जी कौतुकानं म्हणणार, “आजोबांवर गेलंय, डावरं हाय!” कौतुक गोड, पण वयाचा हिशेब चुकतो.

पहिल्या वर्षात मूल साधारण दोन्ही हात सारखेच वापरतं. हाताची पसंती ठरायला पुढं दोन-तीन वर्षं जातात. वर्षाच्या आत एकच हात पुढं येत असेल आणि दुसरा मुठीत आवळलेला किंवा कोपरात दुमडलेला राहत असेल, तर त्या दुसऱ्या हाताकडं बघायचं. सेरेब्रल पाल्सी म्हणजे वाढत्या मेंदूला इजा होऊन हालचालींवर होणारा परिणाम; तिच्या एकांगी, म्हणजे शरीराच्या एकाच बाजूला होणाऱ्या प्रकाराची ही लवकर दिसणारी खूण असू शकते. दरवेळी कारण तेच असतं असं नाही, पण बालरोगतज्ज्ञांना दाखवायला दात येण्याची वाट कशाला बघायची?

दुसरा गैरसमज याच्या अगदी उलटा: “तो हात आता गेला.” मेंदूची इजा वाढत नाही, ती भरूनही येत नाही, हाताचा वापर मात्र सुधारतो, आणि पहिल्या काही वर्षांत सर्वांत जास्त. भाकरी मोडताना एक हात मोडतो, दुसरा नुसता धरतो. दुबळ्या हातानं असं धरायला शिकणं हीच मोठी कमाई. चांगला हात ठरावीक वेळ झाकून खेळवण्याची उपचारपद्धतही आहे, पण ती थेरपिस्टच्या देखरेखीखाली. घरीच हात बांधून ठेवायचा उद्योग नको.