एएसएल एमआरआयला येताय? सकाळचा चहा नको

चिठ्ठीवर 'एएसएल परफ्युजन' (मेंदूत किती रक्त पोहोचतं ते मोजणारा एमआरआय) लिहिलं असेल तर हे वाचून या. "साध्या एमआरआयला चहा चालतो, मग याला का नाही?" असं बरेच जण विचारतात आणि चहा पिऊन आल्यामुळे तपासणी पुढे ढकलली की नाराज होतात.

या तपासणीत इंजेक्शन नसतं. मशीन मानेतून वर जाणाऱ्या रक्तावरच चुंबकीय खूण करतं, दोनेक सेकंद थांबतं आणि ते मेंदूत किती पोहोचलं हे मोजतं. खुणेमुळे चित्रात पडणारा फरक जेमतेम एक टक्का. चहा-कॉफीतल्या कॅफिनने मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात. 250 मिलिग्रॅम कॅफिननंतर, म्हणजे कडक कॉफीच्या दोन-तीन कपांनंतर, रक्तप्रवाह 20 ते 30 टक्के घटलेला आढळतो. मेंदूच्या करड्या भागात 100 ग्रॅममागे मिनिटाला साधारण 60 मिलिलिटर रक्त जातं. ते 45 दिसलं तर डॉक्टर आजार शोधत बसणार, आणि कारण असणार चहा! तुमचे पैसे आणि दिवस वाया जाण्यापेक्षा वेळ बदललेली बरी.

म्हणून आदल्या रात्रीच्या जेवणानंतर चहा, कॉफी, कोला, एनर्जी ड्रिंक बंद. पाणी, दूध, नाश्ता चालेल. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफिन असतं, घेतली असेल तर सांगा. नेहमीची औषधं मात्र स्वतःहून थांबवू नका. आणि चार दिवस आधीपासून चहा सोडण्याचा उत्साहही नको: सवयीच्या माणसाचा रक्तप्रवाह त्यानं उलट वाढतो, डोकंही दुखतं.

गळ्यातलं, केसांतल्या पिना, काढता येणारे दात बाहेर ठेवा. मानेत प्लेट किंवा स्टेंट असेल तर नंबर लावतानाच कळवा. धातूजवळ खूण नीट बसत नाही, म्हणून आम्ही खूण करायची जागा सरकवतो. हिमोग्लोबिनचा ताजा रिपोर्ट आणा, हिमोग्लोबिन कमी असेल तर रक्तप्रवाहाचा आकडा वर जातो. एमआरआयच्या इतर चित्रांसाठी कॉन्ट्रास्टचं (चित्र ठळक करणाऱ्या औषधाचं) इंजेक्शन द्यायचंच असेल तर ते एएसएलनंतर.

स्कॅन चार-पाच मिनिटांचा. तेवढा वेळ डोकं हलवू नका, झोपूही नका. टेबलावरून उतरवण्याआधी आम्ही चित्रं तपासतो. बिघडली असतील तर लगेच पुन्हा घेतो, वेगळे पैसे लागत नाहीत. वयस्कर रुग्णांत रक्त सावकाश पोहोचतं, म्हणून खुणेनंतर मशीनचा थांबण्याचा वेळ वाढवतो. मागची तपासणी आमच्याकडची असेल तर तीच सेटिंग लावतो, म्हणजे दोन आकड्यांची तुलना खरी होते.

अचानक तोंड वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं तर यातलं काहीही पाळत बसू नका, ताबडतोब रुग्णालय गाठा.