तिन्हीसांजेला अडखळणारा मुलगा

निपाणीजवळच्या एका लग्नात दहाएक वर्षांचा मुलगा दिसला. जन्मापासून बहिरा. दिवसभर मांडवात हुंदडला, पण दिवेलागणीला खुर्च्यांवर आदळू लागला. "वेंधळाच आहे," आजी म्हणाली. शेजारणीने तर आईने ग्रहण पाळलं नसणार, असं निदानही करून टाकलं. ग्रहण म्हणजे सावली. ती पोटातल्या बाळाच्या जनुकांत कशी शिरणार?

मला शंका आली अशर सिंड्रोमची. कान आणि डोळा दोघांनाही धरणारा हा आजार.

आतल्या कानात केसपेशी असतात. प्रत्येकीच्या डोक्यावर चढत्या उंचीचे तंतू, जिन्याच्या पायऱ्यांसारखे. बुटक्या तंतूचं टोक शेजारच्या उंच तंतूला अतिसूक्ष्म धाग्याने बांधलेलं असतं. आवाजाने तंतू कलले की धागा ताणतो, खालचं दार उघडतं, पोटॅशियम आत घुसतं आणि आवाजाची वीज होते. काय कारागिरी! धाग्याचा वरचा भाग कॅडहेरिन-२३ या प्रथिनाचा, खालचा प्रोटोकॅडहेरिन-१५ चा. यांतल्या एकाचंही जनुक बिघडलं की दार उघडायला कोणी उरत नाही. तोल सांभाळणाऱ्या भागातही अशाच केसपेशी, म्हणून अशी मुलं चालायला उशिरा लागतात. हीच प्रथिनं डोळ्याच्या पडद्यातही लागतात, मात्र तिथली पडझड सावकाश होते. आधी अंधारात पाहणाऱ्या दंडपेशी जातात, मग कडेची नजर, शेवटी नळीतून पाहावं तसं दिसतं. हा रातांधळेपणा गाजरांनी जात नाही.

सदोष जनुक आई-बाप दोघांकडूनही यावं लागतं. आपल्या सीमाभागात मामाची मुलगी हक्काची, काही घरांत सख्खी भाचीसुद्धा. मुलात एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या एकाच प्रतीतून येण्याची शक्यता मामेबहिणीशी लग्न झालं तर १/१६, भाचीशी झालं तर १/८.

बिघाड केसपेशीत, श्रवणाची नस बहुधा शाबूत. म्हणून लहानपणीच कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे केसपेशींना वगळून थेट नसेला विजेचे संकेत देणारं यंत्र, बसवलं तर उपयोग होतो. पुढे नजर आक्रसली की खुणांची भाषा हातात हात घेऊन बोलतात. त्यासाठी मुंबईत १९७७ पासून हेलन केलर संस्था आहे, अहमदाबादेत १९९७ पासून सेन्स इंडिया. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात बहिरेपणा-अंधत्व एकत्र असलेल्यांचा स्वतंत्र उल्लेख आहे, आणि यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं ओळखपत्र) बेळगावात काढलं तरी कोल्हापुरात चालतं.

मुलाच्या बापाला म्हटलं, बेळगावला नेऊन कडेची नजर तपासून घ्या. तो म्हणाला, "ऊस तुटू दे, मग बघतो."