फ्लॅप हलतो मागे, फरक पडतो पुढे

फ्लॅप म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची फळी. ती खाली वळली की हवा खाली ढकलली जाते आणि पंख वर जातो, असे बहुतेकांना वाटते. पण फ्लॅप वळला की सबंध पंखाभोवतीचा दाब बदलतो. पुढच्या कडेवरची हवा फ्लॅपपर्यंत पोहोचायच्या आधीच जास्त वेगाने धावू लागते! पंखाच्या (पुढून मागपर्यंतच्या) रुंदीच्या फक्त २० टक्के असलेला फ्लॅप १० अंश वळवला, तर अख्खा पंख साधारण ५.५ अंश तिरपा केल्याइतकी उचल मिळते, असे पातळ पंखाचा सिद्धांत सांगतो.

मॉडेल विमानाच्या लहान पंखाला एवढी उचल मिळत नाही. १५ सेंमी रुंदीचा पंख सेकंदाला १० मीटर वेगाने उडत असेल, तर त्याचा रेनॉल्ड्स अंक (हवेच्या वेगाचा जोर तिच्या चिकटपणापुढे किती भारी पडतो ते सांगणारा आकडा) भरतो सुमारे १ लाख. प्रवासी विमानाचा कोटींत असतो. १ लाखाच्या आसपास पंखालगतचा हवेचा थर गुळगुळीत, पण दुबळा असतो. मागे दाब वाढू लागला की तो पृष्ठभाग सोडतो. सुटलेला थर खळबळतो, वरची वेगवान हवा आत ओढतो आणि जमले तर पुन्हा चिकटतो. मधे उरतो तो बुडबुडा. वळलेल्या फ्लॅपच्या बिजागरीपाशी पंखाच्या पाठीला कोपरा पडतो आणि नेमका तिथेच दाब झपकन चढतो. म्हणून १०-१५ अंशांपुढे उचल जेमतेम वाढते, रोध (पंखाला मागे ओढणारा हवेचा अडथळा) मात्र भरपूर.

मोठ्या विमानांच्या फ्लॅपला फट असते, म्हणून इथेही ती चालेल हा समज चुकीचा आहे. तिथली फट मुद्दाम घडवलेली असते. तिच्यातून निघालेला झोत फ्लॅपच्या पाठीला धरून वाहतो. लहान पंखातल्या सरळ फटीतून खालची हवा वर गळते आणि आधीच दुबळा असलेला थर उचलून टाकते. म्हणून फट बुजवायला बिजागरी वरच्या बाजूला पातळ टेपची करा आणि टेप फ्लॅप पूर्ण खाली वळवून चिकटवा, नाहीतर फ्लॅप अडतो.

तपासायला ३-४ सेंमी लांबीचे लोकरीचे धागे बिजागरीच्या पुढे आणि मागे चिकटवा. मागचे धागे फडफडले किंवा उलटे पुढे वळले, तर प्रवाह सुटला आहे. मग फ्लॅपचा कोन कमी करा, किंवा थर जिथे सुटतो त्याच्या जरा पुढे बारीक नागमोडी पट्टी लावा, म्हणजे थर आधीच खळबळतो आणि चिकटून राहतो. 'पक्ष्यांच्या पंखांसारखी' म्हणून विकली जाणारी पट्टी चुकीच्या जागी लावली, तर फक्त रोध वाढवते.

मॉडेल विमान उतरवताना ६०-७० अंशांचा फ्लॅप देतात, तो ब्रेक म्हणून. तिथे प्रवाह सुटायलाच हवा.