ग्रामपंचायतीकडून गल्लीतलं, वाडीतलं काम करून घ्यायचंय? अर्ज कसा करायचा, कागद कोणते लागतात, पुढे काय होतं

गटार तुंबलंय, दिवे बंद आहेत, नळाला पाणी येत नाही, स्मशानभूमीकडे जायचा रस्ता चिखलाचा आहे, आणि "सरपंचांना कितीदा सांगितलं पण काय फरक पडत नाही" हे महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक गावात ऐकायला मिळतं. पण यातली बरीच कामं अडतात ती कोणाच्या दुष्टाव्यामुळे नाही, तर ती कुठे लेखी आलेलीच नसतात म्हणून. ग्रामपंचायतीत पैसा निघतो तो गावाच्या वार्षिक विकास आराखड्यात नाव असलेल्या, ठराव झालेल्या, अंदाजपत्रक (म्हणजे कामाच्या खर्चाचा अंदाज) बनलेल्या कामाला, पारावर सांगितलेल्या कामाला नाही. म्हणून पहिल्या अर्जापासून ते बिल निघेपर्यंत काय काय होतं ते इथे सविस्तर लिहितोय, महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम 1958 आणि रोजच्या व्यवहारात जसं चालतं तसं.

काम नक्की कोणाचं आहे हे आधी बघा

अर्ज चुकीच्या दारात गेला की महिने वाया जातात. गावातले अंतर्गत रस्ते, गटारं, दिवाबत्ती, पिण्याचं पाणी, कचरा, स्मशानभूमी, सार्वजनिक विहिरी, ही कामं ग्रामपंचायतीची, अधिनियमाच्या कलम 45 आणि त्याच्या अनुसूचीत ही यादीच आहे. रस्त्यावर किंवा मोकळ्या सार्वजनिक जागेवर कोणी अतिक्रमण केलं असेल तर ते काढायचा अधिकार कलम 53 खाली पंचायतीला आहे. पण गावाबाहेरचा डांबरी रस्ता जर ग्रामीण मार्ग किंवा इतर जिल्हा मार्ग असेल तर तो जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचा, प्रमुख जिल्हा मार्ग किंवा राज्यमार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाचा. दिव्याचा बल्ब पंचायतीचा पण वाकलेला पोल आणि लोंबकळणारी तार महावितरणची. शेतात जायचा रस्ता कोणी अडवला असेल तर ते तहसीलदारांकडे जातं, आधीपासूनचा रस्ता बंद केला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली आणि बांधावरून नवीन रस्ता पाहिजे असेल तर जमीन महसूल अधिनियम 1966 च्या कलम 143 खाली. रेशनचं दुकान पुरवठा विभागाचं. हे माहीत नसलं तरी हरकत नाही, ग्रामपंचायतीत जाऊन विचारा आणि काम त्यांचं नसेल तर पंचायतीचा शिफारशीचा ठराव मागा, तो दुसऱ्या ऑफिसात जोडायला फार उपयोगी पडतो.

अर्ज कोण करू शकतो

गावच्या मतदार यादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती ग्रामसभेची सदस्य असते, वेगळं काही सभासदत्व घ्यायचं नसतं, त्यामुळे 18 वर्षं पूर्ण झालेली आणि यादीत नाव असलेली कोणीही बाई किंवा माणूस अर्ज करू शकतो, ग्रामसभेत विषय मांडू शकतो, मत देऊ शकतो. घरपट्टी थकली म्हणून ग्रामसभेत बसायचा, बोलायचा हक्क जात नाही, कोणी "आधी पट्टी भरा मग बोला" म्हणालं तर शांतपणे हेच सांगायचं. अर्थात पट्टी भरलेली बरी, कारण दाखले काढताना आणि वैयक्तिक लाभ घेताना तिची पावती मागतातच, आणि गावाचं स्वतःचं उत्पन्न म्हणजे तीच असते. नोकरीसाठी बाहेरगावी राहणारे, ज्यांचं नाव शहरातल्या यादीत गेलंय, त्यांना ग्रामसभेत मत नाही पण मिळकतदार म्हणून लेखी तक्रार नक्की देता येते.

अर्ज कसा लिहायचा

छापील फॉर्म लागत नाही, साधा कागद चालतो. वर "मा. सरपंच / ग्रामपंचायत अधिकारी, ग्रामपंचायत अमुक, ता. अमुक, जि. अमुक" असं लिहा (ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदं 2024 मध्ये एकत्र करून ग्रामपंचायत अधिकारी हे नाव दिलंय, गावात सगळे अजून भाऊसाहेबच म्हणतात ती गोष्ट वेगळी). विषयाची ओळ मात्र नीट लिहा, सगळं त्यावर असतं. "गटाराबाबत तक्रार" असं लिहिलं तर ते तक्रारींच्या गठ्ठ्यात जाऊन पडतं. त्याऐवजी असं लिहा: "वॉर्ड क्र. 3 मधील मारुती मंदिर ते अंगणवाडी या अंदाजे 120 मीटर रस्त्यालगत बंदिस्त गटार बांधणे, हे काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात समाविष्ट करणेबाबत." कुठून, कुठपर्यंत, किती मीटर आणि आराखड्यात घ्या, या चार गोष्टी आल्या की तीच ओळ उचलून ठरावात आणि पुढे अंदाजपत्रकात टाकता येते, भाऊसाहेबांचं पण काम हलकं होतं.

खाली चार-पाच ओळींत त्रास काय आहे ते लिहायचं, किती घरांचं सांडपाणी तिथे येतं, पावसाळ्यात अंगणवाडीच्या पायरीपर्यंत पाणी चढतं का, डासांचा त्रास, आजारपण, जे खरं आहे तेच. कोणावर आरोप, जुनं भांडण, निवडणुकीतला राग हे अर्जात आणू नका. तारीख, नाव, पत्ता, मोबाईल नंबर, सही. वस्तीतल्या लोकांच्या सह्या घेतल्या तर प्रत्येक सहीपुढे पूर्ण नाव आणि घर नंबर लिहा, नुसत्या सह्यांच्या कागदाला किंमत राहत नाही. शक्यतो घरातल्या बायकांच्या सह्या पण घ्या, पाण्याचा आणि गटाराचा त्रास त्यांनाच जास्त असतो आणि त्यांनाच विचारलं जात नाही.

सोबत काय जोडायचं तर आधार कार्डाची झेरॉक्स किंवा मतदार यादीतल्या नावाचा क्रमांक, चालू वर्षाची घरपट्टी-पाणीपट्टीची पावती असेल तर ती, जागेचे तीन-चार फोटो आणि हाताने काढलेला कच्चा नकाशा. काम जर एखाद्याच्या खासगी जागेतून जाणार असेल तर मालकाची लेखी संमती आत्ताच घ्या, आणि पाण्याची टाकी, सभामंडप असं कायमचं बांधकाम असेल तर ती जागा ग्रामपंचायतीच्या नावे बक्षीसपत्राने व्हावी लागते. मंजूर झालेली किती कामं निव्वळ जागेच्या वादात परत जातात, त्यामुळे हा कागद सगळ्यात आधी बघा. जागेचा सातबारा किंवा नमुना 8 चा उतारा पण जोडा. नमुना 8 म्हणजे पंचायतीची कर आकारणी नोंदवही, त्यात घर-जागा कोणाच्या नावावर लागलीय ते दिसतं.

अर्जाच्या दोन प्रती करायच्या. एक द्यायची आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, सही आणि शिक्का घ्यायचा. ही पोहोच घेतल्याशिवाय ऑफिसातून बाहेर पडू नका. आवक रजिस्टरला नंबर पडला की त्या अर्जाला जन्मतारीख मिळाली असं समजा, पुढे माहिती अधिकार असो नाहीतर गटविकास अधिकाऱ्यांकडे तक्रार, सगळं त्या नंबरावर चालतं. "राहू द्या, माझ्याकडे आहे अर्ज" असं प्रेमाने सांगितलं तरी पोहोच मागायचीच, आणि कोणी घेतच नसेल तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पोहोचल्याचा पुरावा जपून ठेवा.

ग्रामसभा

आर्थिक वर्षात कमीत कमी चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, बहुतेक ठिकाणी 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या तारखांच्या आसपास होतात. सात दिवस आधी नोटीस लागते, त्यात विषयपत्रिका असते. म्हणून तुमचा अर्ज नोटीस निघायच्या आधी गेला पाहिजे म्हणजे विषय पत्रिकेवर येतो, नाहीतर "ऐनवेळचे विषय, अध्यक्षांच्या परवानगीने" यात जातो आणि तोपर्यंत निम्मे लोक उठून गेलेले असतात. प्रत्येक ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा व्हायला पाहिजे असा नियम आहे, ती होत नसेल तर तेही लेखी मागा, तिथे झालेली शिफारस ग्रामसभेपुढे ठेवावी लागते.

गणपूर्ती म्हणजे कोरम, एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 यापैकी जी संख्या कमी ती. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते, तहकूब सभेला परत कोरमची अट नसते पण तिथे नवीन विषय घेता येत नाही. म्हणजे विषय आधीच पत्रिकेवर असणं किती गरजेचं आहे ते बघा. वस्तीतून वीस-पंचवीस माणसं तरी घेऊन जा आणि सुरुवातीला मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम होतं तेव्हा लक्ष देऊन ऐका, मागच्या वेळी जे ठरलं ते लिहिलंय का ते तिथेच कळतं. तुमचा विषय आला की उभं राहून मोजकं बोलायचं आणि "ठराव घ्या, सूचक मी, अनुमोदक हे" असं स्पष्ट म्हणायचं. चर्चा झाली म्हणजे ठराव झाला असं नसतं, ठराव क्रमांक, सूचक-अनुमोदकाची नावं आणि "सर्वानुमते मंजूर" हे प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे इतिवृत्तात, आलं पाहिजे. कोऱ्या रजिस्टरवर हजेरीची सही करून घरी जाणं हे आपल्याकडे सर्रास चालतं, ते अजिबात करू नका. नंतर ठरावाची नक्कल अर्ज देऊन मागून घ्या.

पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे पेसा कायदा लागू असलेल्या अनुसूचित आदिवासी भागातल्या, गावांना यापेक्षा जास्त ताकद आहे, तिथे पाड्याची, वस्तीची स्वतःची ग्रामसभा होऊ शकते आणि आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के अबंध (ठराविक कामाची अट नसलेला) निधी थेट येतो, त्याचं नियोजन ग्रामसभाच करते.

पैसा कुठून येतो

हे समजलं की अर्ज कसा मांडायचा ते आपोआप समजतं. ग्रामपंचायतीचा आराखडा दरवर्षी बनतो, "आमचं गाव आमचा विकास" म्हणतात तोच, त्याची मोहीम साधारण 2 ऑक्टोबरपासून सुरू होते आणि पुढच्या आर्थिक वर्षाची कामं त्यात ठरतात. म्हणजे एप्रिलनंतर काम हवं असेल तर अर्ज सप्टेंबरच्या आत गेलेला बरा. मे महिन्यात दिलेला अर्ज वाया जात नाही पण त्याला बहुतेक वेळा पुढच्या वर्षाची वाट बघावी लागते, आणि लोक इथेच चिडतात.

केंद्राकडून वित्त आयोगाच्या शिफारशीने ग्रामपंचायतीला निधी येतो. 15व्या वित्त आयोगाच्या 2021-26 या काळात या निधीचे दोन भाग होते, 60 टक्के बंधित म्हणजे फक्त पाणी आणि स्वच्छतेसाठी, 40 टक्के अबंधित म्हणजे गावाच्या इतर गरजांसाठी. लोकांनी सगळी मागणी रस्त्याचीच केली आणि बंधितचा पैसा तसाच पडून राहिला असं पुष्कळ गावांत झालं. सांडपाण्याचं गटार, शोषखड्डे, कचऱ्याची गाडी, पाण्याच्या लाईनची दुरुस्ती ही कामं बंधितमध्ये बसायची, काँक्रीटचा रस्ता नाही. 2026-27 पासून 16व्या वित्त आयोगाचा काळ आहे, त्यामुळे आता कोणत्या कामाला किती निधी बसतो हे अर्ज लिहायच्या आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विचारून घ्या. शिवाय घरपट्टी, बाजार कर असं स्वतःचं उत्पन्न असतं, आमदार-खासदार निधी असतो, जिल्हा परिषदेच्या योजना असतात. गावाचा आराखडा आणि झालेला खर्च ई-ग्रामस्वराज पोर्टलवर आणि मेरी पंचायत ॲपवर मोबाईलवर बघता येतो, तुमचं काम त्यात टाकलंय का ते तिथे तपासा.

आराखड्यात आल्यावर अंदाजपत्रक बनतं, पंचायत समितीच्या अभियंत्यांकडून तांत्रिक मान्यता, मग प्रशासकीय मान्यता, मग कामाचा आदेश. काम सुरू झालं की जागेवर फलक लागायला पाहिजे, योजना कोणती, रक्कम किती, ठेकेदार कोण. अभियंता मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे एमबीत, मोजमाप लिहितो आणि त्यावर बिल निघतं. गटाराची लांबी टेपने मोजायला आपल्याला कोणाची परवानगी लागत नाही, 120 मीटर मंजूर होतं आणि 90 मीटर झालं असेल तर बिल निघायच्या आधी लेखी कळवा, नंतर फार अवघड होतं.

वैयक्तिक लाभ हा वेगळा विषय आहे पण थोडक्यात सांगतो कारण हे फार जणांना माहीत नसतं. पंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातून 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. घरात दिव्यांग माणूस असेल तर दिव्यांग प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), आधार, बँक पासबुक आणि रहिवासी पुरावा जोडून अर्ज द्या, दरवर्षी द्या, आणि मागच्या वर्षीचा हा निधी कशावर खर्च झाला ते ग्रामसभेत विचारा.

उत्तरच आलं नाही तर

आधी आवक क्रमांक टाकून एक स्मरणपत्र द्या. मग पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडे तक्रार, सोबत पोहोच, ठरावाची नक्कल आणि फोटो, त्यानंतर जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे. आपले सरकार पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. जन्माचा दाखला, विवाह नोंदणी, नमुना 8 चा उतारा, थकबाकी नसल्याचा दाखला अशा सेवा असतील तर त्या लोकसेवा हक्क अधिनियम 2015 मध्ये येतात, मुदतीत मिळाल्या नाहीत तर 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं, आणि कोणती सेवा किती दिवसांत द्यायची याचा बोर्ड ग्रामपंचायतीत लावलेला असला पाहिजे.

माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून करायचा, दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही पण तसा पुरावा जोडावा लागतो. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि शक्यतो 150 शब्दांत, हे लक्षात ठेवा. "काम का झालं नाही" असं विचारू नका, कारण माहिती अधिकारात कागद मिळतो, खुलासा मिळत नाही. असं मागा: अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीची टिपणी, अमुक तारखेच्या ग्रामसभेचं इतिवृत्त, त्या वर्षाचा विकास आराखडा, कामाचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची प्रत आणि बिलाचं व्हाउचर. प्रतीला पानामागे 2 रुपये पडतात. 30 दिवसांत माहिती आली नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, आणि तरीही समाधान झालं नाही तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील.