खाट रिकामी कधी होते?

सकाळी नऊला डॉक्टर राउंडवर येतात आणि बारा नंबरच्या खाटेवरच्या रुग्णाला सांगतात, "आज घरी जायला हरकत नाही." तो लगेच पिशवी भरून तयार होतो. पण डिस्चार्जचा कागद लिहून झालेला नसतो, औषधं खालून यायची असतात, एका रिपोर्टवर सही राहिलेली असते. खाट रिकामी होते संध्याकाळी पाचला. तोवर तातडीच्या विभागात छातीत दुखणारा एक माणूस स्ट्रेचरवरच ताटकळत असतो. या दिवसभरात कुठल्याही डॉक्टरचं निदान चुकलेलं नाही, तरीही त्या माणसाच्या जिवाशी खेळ झालेलाच आहे.

गणित साधं आहे. रोज २० रुग्ण दाखल होत असतील आणि प्रत्येकाचा मुक्काम सरासरी ५ दिवसांचा असेल, तर १०० खाटा कायम भरलेल्या राहतात. मुक्काम साडेचार दिवसांवर आला की तेवढ्याच रुग्णांचं ९० खाटांत भागतं. नवी इमारत न बांधता १० खाटा हाताशी येतात! रांगांचा हा नियम जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केला. तो अर्धा दिवस वाचवणं हे व्यवस्थापकाचं काम, आणि माझ्या मते ते शिकूनच येतं.

चांगल्या प्रमुखामुळे सरकारी रुग्णालयात माणसं खरंच वाचतात का? चिलीमध्ये याचा पडताळा घेता आला. तिथे २००३ च्या कायद्यानं वरिष्ठ सरकारी पदांसाठी खुली स्पर्धात्मक निवड सुरू झाली. पुढे सरकारी रुग्णालयांचे प्रमुखही तशाच पद्धतीनं, वाढीव पगारावर नेमले जाऊ लागले. पाब्लो मुन्योज आणि क्रिस्तोबाल ओतेरो या अर्थतज्ज्ञांनी नोंदी तपासल्या, तेव्हा रुग्णालयांतले मृत्यू सुमारे ८ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. कमी आजारी रुग्ण येऊ लागले म्हणून आकडा उतरला का, हेही त्यांनी पाहिलं, तसं नव्हतं. बदललं होतं ते खुर्चीवरचं माणूस. व्यवस्थापन न शिकलेल्या डॉक्टरांच्या जागी ते शिकलेले लोक आले होते.

म्हणून डॉक्टरांना प्रमुखपदापासून दूर ठेवा, असं मात्र कुणी समजू नये. नऊ देशांतल्या रुग्णालयांच्या एका अभ्यासात, वैद्यक आणि व्यवस्थापन दोन्ही शिकवणाऱ्या विद्यापीठांच्या जवळची रुग्णालयं अधिक नीट चालताना आढळली. वॉर्ड आतून ओळखणाऱ्या डॉक्टरनं हिशेब, वेळापत्रक आणि माणसं सांभाळणंही शिकून घेतलं, तर त्याच्याइतका योग्य प्रमुख दुसरा नाही.

इंग्लंडचा अनुभव वेगळा आहे. तिथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत प्रमुख बदलल्यानं कामगिरीत फारसा फरक पडल्याचं संशोधकांना आढळलं नाही. मला यात नवल वाटत नाही. हजारो कर्मचाऱ्यांच्या संस्थेत वरची खुर्ची वॉर्डपासून फार लांब असते, आणि त्या खुर्चीवरचा माणूस थोड्याच वर्षांत निघून जातो. बारा नंबरचा कागद सकाळी दहाला तयार व्हायला हवा असेल, तर वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरला ते प्रशिक्षण आणि तेवढे अधिकार मिळाले पाहिजेत.