गल्ल्यावरच्या घंटेपासून क्लाउडपर्यंत: पीओएसची पार्श्वभूमी

छोट्या दुकानासाठी पीओएस (पॉइंट ऑफ सेल, म्हणजे बिल करायची आणि विक्रीची नोंद ठेवायची सिस्टिम) घ्यायचा म्हटलं की बोलणं लगेच किंमत आणि टचस्क्रीनवर येतं. पण आज डेमोत दाखवलं जाणारं प्रत्येक फीचर कुठल्या ना कुठल्या जुन्या अडचणीतून आलेलं आहे. ती अडचण आपल्या दुकानात आहे का, हे आधी बघायला हवं.

पहिली अडचण होती गल्ल्यातून पैसे गळण्याची. अमेरिकेतल्या डेटन शहरात जेम्स रिटी यांचा मद्यालयाचा धंदा होता आणि नोकर रोकड परस्पर खिशात घालत. बोटीच्या प्रवासात त्यांनी बोट पुढे ढकलणाऱ्या पंख्याचे (प्रोपेलरचे) फेरे मोजणारं यंत्र पाहिलं आणि भाऊ जॉन यांच्या मदतीने विक्री मोजणारं यंत्र बनवलं. त्याचं पेटंट १८७९ चं. पुढे जॉन पॅटरसन यांनी १८८४ मध्ये या यंत्राचा धंदा विकत घेऊन त्याला 'नॅशनल कॅश रजिस्टर' हे नाव दिलं. ड्रॉवर उघडला की घंटा वाजायची, म्हणजे मालक आतल्या खोलीत असला तरी त्याला कळायचं. आज प्रत्येक नोकराला वेगळा पिन असतो आणि बिल रद्द केलं की त्याची नोंद राहते, ते याच घंटेचं काम.

गल्ला सांभाळला गेला, तरी कुठला माल किती गेला हे कळत नव्हतं. ते बारकोडने सोडवलं. नॉर्मन वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर या अमेरिकी संशोधकांना त्याचं पेटंट १९५२ मध्ये मिळालं. मात्र आजच्या रूपातला बारकोड दुकानात वापरात आला २६ जून १९७४ ला, ओहायोतल्या ट्रॉय गावी. तिथे स्कॅन झालेली पहिली वस्तू होती च्युइंगमचं पाकीट. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी: पाकिटावरच्या त्या रेघांमध्ये किंमत नसते, फक्त क्रमांक असतो. नाव, भाव, शिल्लक हे सगळं दुकानाच्या कॉम्प्युटरमधल्या यादीत. यादी चुकली की स्कॅनर कितीही महागडा असो, बिल चुकणारच. म्हणून मालाची यादी कोण भरणार आणि रोज कोण दुरुस्त करणार, हे मशीन घेण्याआधी ठरवावं. माझ्या मते निवडीतला हाच सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे.

२०१० च्या आसपास टॅब्लेट आणि फोनला जोडायचे छोटे कार्ड रीडर आले आणि एकरकमी मोठा खर्च टळला. त्याच्या जागी मासिक वर्गणी आणि प्रत्येक कार्ड व्यवहारामागे कापली जाणारी टक्केवारी आली. क्लाउडवरच्या सिस्टिममध्ये हिशेबाची वहीसुद्धा दुकानाबाहेर, कंपनीच्या सर्व्हरवर गेली. हा बदल घंटेपेक्षा आणि बारकोडपेक्षाही मोठा आहे, कारण वर्गणी थांबली की स्वतःच्याच विक्रीच्या नोंदी हाती लागतील याची खात्री राहत नाही.

म्हणून डेमोच्या वेळी इंटरनेट बंद करून एक बिल करायला सांगावं, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क तुटला तरी दुकान चालतं का ते कळेल. मग मालाची यादी आणि विक्रीच्या नोंदी साध्या एक्सेल फाइलमध्ये तिथल्या तिथे काढून मागाव्यात आणि ती फाइल आपल्या कॉम्प्युटरवर उघडून बघावी.